बेळगावात कुठल्या हॉटेलात बसावं? आधी वेळ ठरवा

प्रश्न असा आहे. पुण्याचं एक जोडपं चार दिवसांसाठी बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत येणार आहे. किल्ला, गोकाकचा धबधबा ते बघतीलच, पण त्यांना खरी ओढ इथल्या माणसांची आहे. प्रवासात कॅफेत निवांत बसलं की गावाची संस्कृती कळते, असं त्यांनी वाचलंय. तर इथले कुठले कॅफे गाठावेत, कन्नड येत नसल्यानं अडेल का, आणि बाईमाणसाला सगळीकडे मोकळेपणानं बसता येतं का, एवढं त्यांनी विचारलंय.

मी बेळगावची. विम्याच्या कामानिमित्त खानापूर, हुक्केरी, चिकोडी, गोकाक, अथणी हे तालुके बसनं पालथे घातले, आता बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना गाव दाखवते. दोन्ही कामांत वाट बघणं फार, आणि वाट बघायची जागा म्हणजे हॉटेल. इथे चहाच्या टपरीपासून टेबल-खुर्च्यांच्या उडप्यापर्यंत सगळ्याला हॉटेलच म्हणतात, राहायच्या जागेला लॉज. खाली मी हॉटेल म्हणेन ते या अर्थानं.

कुठल्या हॉटेलात बसायचं हे ठरवण्याआधी किती वाजता बसायचं ते ठरवा. नावाजलेल्या हॉटेलांची यादी घेऊन येणारे पाहुणे मला नेहमी भेटतात. दुपारी तीनला जातात, गाजलेला पदार्थ खातात, फोटो काढतात आणि उठतात. त्या वेळेला तिथे त्यांच्यासारखे पाहुणेच बसलेले असतात. ज्यांच्या जिवावर ते हॉटेल चालतं ती माणसं पहाटे किंवा सकाळी चहा पिऊन केव्हाच कामाला लागलेली असतात. गाव बघायचं तर गावाच्या विसाव्याची वेळ गाठायला हवी, आणि ती प्रत्येक धंद्याची वेगळी असते. भाजीवाल्यांची वेगळी, विणकरांची वेगळी, कोर्टात आलेल्या पक्षकारांची आणखी वेगळी. एवढं ध्यानात ठेवलंत तर कुठल्याही साध्या हॉटेलात बसा, रिकाम्या हातानं उठणार नाही.

बेळगावचा दिवस भाजीनं सुरू होतो. गोव्यातल्या स्वयंपाकघरांत रोज शिजणारी बरीचशी भाजी इथून जाते. कडोली, बेळगुंदी, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतला माल घाऊक बाजारात येतो आणि घाट उतरून वेळेत गोव्यात पोचायचा म्हणून गाड्यांची घाई असते. बाजाराच्या तोंडाशी चहाचे गाडे अंधारातच पेटलेले असतात. तिथे पहाटे पाच-साडेपाचला जाऊन उभे राहा. पश्चिमेकडच्या गावांतला शेतकरी मराठीत भाव सांगतो, पूर्वेकडचा कन्नडमध्ये, गोव्याचा ड्रायव्हर कोंकणीत घाई करतो, आणि दलाल तिघांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलत असतो. सौदा ज्या भाषेत सुरू झाला तिच्यातच संपेल असं नाही. नवरात्राच्या आसपास आलात तर रताळ्यांची पोती दिसतील. बेळगावच्या लाल मातीतली रताळी उपासाच्या दिवसांत मुंबई-पुण्याकडे जातात, म्हणजे तुमच्या घरच्या किसाची सुरुवात कदाचित याच गाड्यापाशी होत असेल. विचारायला हा विषय उत्तम आहे. "मामा, यंदा रताळं कसं आलंय?" एवढं म्हणा आणि ऐकत राहा. पावसापासून खतापर्यंत, मुलगा पुण्यात कुठल्या कंपनीत आहे इथपर्यंत सगळं निघतं.

साडेसात वाजले की गावात या. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, खडेबाजार या जुन्या पेठेत दुकानं उघडण्याआधीचा तास-दीड तास हॉटेलांचा. उप्पीट, शिरा, इडली, पुरी-भाजी. उप्पीट आणि शिरा एकाच प्लेटमध्ये मागवा, इथे तसंच खातात. चहा दोघांत एक हवा असेल तर "बाय टू" म्हणा, एका कपाचे दोन भाग होऊन येतील. संकोच करू नका, कर्नाटकभर हे चालतं आणि त्यामागे कंजूषपणा नसतो. दिवसात आठ ठिकाणी आठ माणसांबरोबर चहा घ्यावा लागणाऱ्यांनी लावलेली ती सोय आहे. जुन्या हॉटेलांत अजून एक पद्धत टिकून आहे: तुम्ही उठलात की वाढपी लांबूनच गल्ल्यावर बसलेल्या मालकाला तुमचा हिशेब ओरडून सांगतो. कुणी काय खाल्लं ते अख्ख्या हॉटेलाला कळतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

या वेळेला बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पेपर. हॉटेलात येणारा पेपर अख्खा कुणाच्याच हातात नसतो. पानं सुटी होतात आणि टेबलाटेबलावरून फिरतात. 1919 साली बेळगावात सुरू झालेला 'तरुण भारत' आणि गावातूनच निघणारा 'कन्नडम्म' एकाच बाकावर पडलेले असतात. एका सकाळी माझ्यासमोर दोन म्हातारे बसले होते. एकानं मराठी पानातली निधनवार्ता मोठ्यानं वाचली, दुसऱ्यानं कन्नड पानात मान घालूनच विचारलं, "कुठला? भांदूर गल्लीतला काय?" मग दोघांनी मिळून गेलेल्या माणसाचं दुकान, त्याचा भाऊ, त्याची जुनी सायकल, सगळं आठवून काढलं. पहिला मराठीत बोलत होता, दुसरा अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. मध्ये कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नाही, तशी गरजच पडली नाही. असं दृश्य बघायला नशीब लागत नाही. त्या तासाला तिथे असणं लागतं.

म्हणूनच माझा आग्रह असतो की चार दिवसांत चार नवी हॉटेलं करू नका. एक हॉटेल पकडा आणि रोज त्याच वेळेला तिथेच बसा. पहिल्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक असता. दुसऱ्या दिवशी वाढपी न विचारता पाण्याचा ग्लास ठेवतो. तिसऱ्या दिवशी शेजारचा माणूस सरकून म्हणतो, "बसा की. कुठलं गाव तुमचं?" त्या प्रश्नानंतर तुम्हाला काही करावं लागत नाही.

आता विणकरांकडे. शहापूर, वडगाव, खासबाग हा साड्या विणणाऱ्यांचा भाग. पूर्वी हातमाग होते, आता बहुतेक यंत्रमाग. गल्लीत शिरलात की दोन्ही बाजूंच्या घरांतून खटखट ऐकू येते, इतकी की शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. इथली विसाव्याची वेळ घड्याळ ठरवत नाही, वीज ठरवते. वीज गेली की गल्ली एकदम गप्प होते. मिनिटभर कुणी हलत नाही, कारण येईल परत असं सगळ्यांनाच वाटत असतं. मग एकेका दारातून बनियनवरचे पुरुष बाहेर पडतात, अंगावरचे सुताचे तंतू झटकतात आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलाच्या बाकावर येऊन बसतात. कांड्या भरणाऱ्या बायका उंबऱ्यावर बसतात, त्यांना चहा किटलीतून घरपोच जातो. बोलणं सुरू होतं ते सुताच्या भावावरून, सुरतेहून येणाऱ्या स्वस्त साड्यांवरून, व्यापाऱ्याकडे अडकलेल्या पैशावरून. पैसे लगेच कुणी देत नाही. चहावाल्याची वही असते आणि आठवड्याच्या पगाराला हिशेब मिटतो. वहीवर नजर पडली तर बघा, पानावरचं नाव मराठीत आहे की कन्नडमध्ये ते गिऱ्हाइकाच्या भाषेवर ठरत नाही, त्या दिवशी गल्ल्यावर कोण बसलंय त्यावर ठरतं. वीज आली की एका क्षणात सगळी खटखट सुरू होते आणि अर्धे कप बाकावर तसेच राहतात.

या गल्लीत जाताना एक पथ्य पाळा. माग बघायचा असेल तर आधी चहा घ्या, ओळख होऊ द्या, मग विचारा. सरळ दारात उभं राहून मोबाईल वर करणं कुणालाच आवडत नाही. ते त्यांचं घर आहे, त्याच खोलीत चूल आणि पाळणाही असतो. विचारलंत तर आनंदानं आत नेतात. आडवं सूत नेणारा धोटा कसा पळतो, काठ कसा बदलतो, सगळं दाखवतात. आणि साडी घ्यायचीच असेल तर तिथेच घ्या, विणणाऱ्याच्या हातात पैसे गेलेले बरे.

उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांची पाळी सुटते तेव्हाचे चहाचे गाडे मी उरकून सांगते, कारण तिथे थांबायला जागा कमी आणि धूर फार. पण बेळगाव हे ओतकामाचं, यंत्रांच्या सुट्या भागांचं मोठं गाव आहे हे पाहुण्यांना माहीत नसतं, आणि तिथल्या गाड्यावर उत्तरेकडून आलेल्या कामगारांची हिंदी ऐकली की गाव किती बदलतंय ते लक्षात येतं. तसंच कोर्टाच्या आणि जिल्हाधिकारी कचेरीच्या आसपास. सकाळी साडेदहाला तालुक्यांतून आलेली माणसं कागदाच्या पिशव्या मांडीवर घेऊन चहा पीत असतात. जमिनीचे खटले, वारसा, सातबारा. सीमाभागात तो सातबारा आता कन्नडमध्ये असतो, आणि म्हाताऱ्या मराठी शेतकऱ्याला शेजारी बसलेला अनोळखी पोरगा तो वाचून दाखवतो. दहा मिनिटं बसलात तरी पुरे.

कॅम्प भाग वेगळा. इंग्रजांच्या काळापासूनची छावणी, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, जुनी चर्च, 1856 पासूनची सेंट पॉल्स शाळा. रस्ते रुंद, झाडं मोठी, आणि पेठेतल्या उप्पिटाच्या जागी बेकऱ्या. दुपारी चारला ताजी खारी, टोस्ट, बन भट्टीतून निघतो तेव्हा जा. गणवेशातली मुलं, सुटीवर असलेले जवान, गोव्याकडची जुनी ख्रिस्ती कुटुंबं, मुसलमान बेकरीवाले, सगळ्यांची गाठ तिथे पडते. या भागातल्या बिर्याणीसाठी लोक लांबून येतात, तीही खा. बेळगावला नुसतं मराठी-कन्नड असं दोन रंगांत बघू नये, हे कॅम्पात अर्धा तास बसलं की आपोआप पटतं.

तुम्ही विचारलेले कॅफे, म्हणजे काचेची दारं, कोल्ड कॉफी, भिंतीवर चित्रं, तेही आहेत. टिळकवाडीत, कॉलेजांच्या रस्त्यांवर आणि हॉस्पिटलच्या बाजूला दरवर्षी नवे निघतात. 1916 साली स्थापन झालेल्या केएलई संस्थेची कॉलेजं, 1998 पासून इथे मुख्यालय असलेलं विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, यांमुळे देशभरातली पोरं इथे शिकायला असतात. संध्याकाळी पाच ते सात जा. टेबलावरचं बोलणं इंग्रजी-हिंदीत चाललेलं असतं, आणि आईचा फोन आला की तीच मुलगी क्षणात मराठीत किंवा कन्नडमध्ये जाते. मला हे कॅफे आवडतात. या गावात मुलींना एका कॉफीवर दीड तास गप्पा मारत बसता येईल अशी जागा माझ्या कॉलेजच्या वेळी नव्हती. पण चार दिवसांतली एक संध्याकाळ त्यांना द्या, बाकी नको. असा कॅफे तुम्हाला पुण्यात रोज मिळतो.

एक संध्याकाळ टिळकवाडीत गाड्यांवर घालवा. आम्ही पत्ता सांगताना पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असं रेल्वेच्या फाटकांवरून सांगतो, तोच तुमचा नकाशा. मिरची भजी, चुरमुऱ्यांचं गिरमिट, भडंग. टिळकवाडीतच काँग्रेस विहीर आहे. 1924 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन या परिसरात भरलं होतं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, आणि विहीर त्यासाठी खोदलेली. भजी खाऊन तिथवर चालत जा.

आता खानावळ. हिच्यावर मी जास्त बोलणार, कारण बाहेरचे पाहुणे नेमकं हेच चुकवतात. बेळगाव शहरात बसस्टँडच्या आसपास खानावळी आहेतच, पण जमलं तर गोकाक, बैलहोंगल किंवा सौंदत्तीकडे जा आणि दुपारी साडेबारा-एकला कुठल्याही साध्या लिंगायत खानावळीत बसा. ताट येतं त्यात ज्वारीची भाकरी, पापडासारखी पातळ. ताजी हवी असेल तर मऊ, नाहीतर कडक, जी महिनाभर टिकते. भरली वांगी, मोडाच्या कडधान्याची उसळ, शेंगांची चटणी, कारळाची किंवा जवसाची चटणी, कच्चा कांदा, मेथीची पानं, दही. शेवटी भात-आमटी. शेंगांच्या चटणीवर दही ओतून भाकरीशी खा, शेजारचा खातोय तसं. वाढपी तुमच्या मागे येऊन उभा राहतो आणि ताटात जागा दिसली की वाढतो. पुरे झालं की "साकु" म्हणायचं. एकदा म्हटल्यावर तो थांबत नाही. दोन-तीनदा म्हणावं लागतं, आणि हात ताटावर धरावा लागतो.

इतकं वाढण्यामागे मोठी परंपरा आहे. लिंगायत ज्यांना मानतात त्या बसवण्णांनी बाराव्या शतकात कायक आणि दासोह ही शिकवण दिली: स्वतःच्या कष्टानं मिळवायचं आणि त्यातून दुसऱ्याला खाऊ घालायचं. आजही इथल्या मठांत येणाऱ्याला जात-गाव न विचारता जेवण मिळतं. खानावळ हा धंदा आहे, तिथे पैसे द्यावे लागतात. पण वाढताना हात आखडायचा नाही ही रीत त्या दासोहाकडून आलेली आहे असं मला मनापासून वाटतं. उपाशी उठलेलं गिऱ्हाईक मालकाला कमीपणाचं वाटतं. मी विम्याच्या कामाला एकटी फिरायचे तेव्हा गोकाकजवळच्या एका खानावळीतली अक्का मला बाहेर गर्दीत बसू द्यायची नाही. आत चुलीशेजारी पाट मांडायची. त्या चुलीशी बसून मी भाकरी कशी थापतात ते नीट पाहिलं. उकळत्या पाण्यात पीठ मळलेलं, परातीत कोरडं पीठ, आणि एका हातानं गोल फिरवत दुसऱ्यानं थापटायचं. भाकरी परातीपेक्षा मोठी होते, तरी फाटत नाही. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा. अक्का हे करत असताना माझ्याशी बोलत होती, बाहेरच्या वाढप्याला सूचना देत होती आणि मुलाचा अभ्यास घेत होती. तुम्हालाही बघायचं असेल तर अडीचनंतर, गर्दी ओसरल्यावर विचारा. नाही कुणी म्हणत नाही.

चौथा दिवस रिकामा असेल तर दोन दिशा आहेत. उत्तरेला निपाणी, हमरस्त्यानं साधारण 70-75 किलोमीटर. तंबाखूचं आणि विडीचं गाव, कोल्हापूरच्या वाऱ्याचं. मिसळीचा कट लालभडक, आणि जवळच संकेश्वरची मिरची असल्यामुळे तिखटाला हात सढळ. तिथे साठी-सत्तरीचा शेतकरी चहाला भेटला तर 1981 च्या तंबाखू आंदोलनाबद्दल विचारा. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडलं होतं, पुढे गोळीबार झाला, माणसं गेली. पुस्तकातल्या ओळींपेक्षा त्या माणसाच्या तोंडून ऐका. कोण कुठे बसलं होतं, भाकरी कुठून यायची, हे सगळं त्याला अजून पाठ असतं. दुसरी दिशा दक्षिणेला खानापूर, जेमतेम 25 किलोमीटर, आणि पुढे लोंढा जंक्शन किंवा जांबोटी-कणकुंबीचा रस्ता. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. पाऊस प्रचंड, जंगल दाट, आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात मराठी-कोंकणी मिसळलेलं बोलणं. पावसाळ्यात गेलात तर घाई ठेवू नका, चहा पिता पिता तासभर अडकून पडणं तिथे नेहमीचं आहे. कुठेही जा, त्या गावाचा आठवडी बाजार कुठल्या दिवशी असतो ते आदल्या दिवशी विचारून घ्या आणि तोच दिवस साधा. बाजाराच्या दिवशी खेड्यांतली माणसं हॉटेलात येतात. इतर दिवशी फक्त गावातली भेटतात.

एका गोष्टीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बहुतेक पाहुणे पहिल्याच चहाला विचारतात: सीमाप्रश्न, म्हणजे बेळगाव कर्नाटकात असावं की महाराष्ट्रात हा वाद. कृपा करून तुम्ही तो विषय काढू नका. 1956 ची राज्य पुनर्रचना, 1967 चा महाजन आयोगाचा अहवाल, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे आमच्यासाठी बातम्यांतले मुद्दे नाहीत. कुणाच्या घरातला माणूस आंदोलनात तुरुंगात गेलाय, कुणाच्या मुलाला भाषेच्या कागदामुळे नोकरीत त्रास झालाय. परक्यानं चहाबरोबर सहज विचारावा असा तो विषय नव्हे. ओळख झाली, समोरच्यानं स्वतः काढला, तर मन लावून ऐका आणि आपलं मत सांगायची घाई करू नका. हॉटेलात दोन भाषा गुण्यागोविंदानं नांदताना दिसतात म्हणून वाद उरलाच नाही असंही समजू नका, आणि वाद आहे म्हणून माणसं रोज भांडतात असंही नाही. दोन्ही गोष्टी एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच घरात असतात. सून कन्नड, सासू मराठी, आणि स्वयंपाकघरात तिसरीच मिसळलेली बोली, अशी घरं इथे ढिगानं आहेत.

तारखा मात्र बघून या. 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका असतात आणि दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिवस. त्या दिवशी पेठ नेहमीसारखी नसते. डिसेंबरात बहुधा इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, लॉज भरलेले असतात आणि रस्त्यांवर मोर्चे. त्याउलट गणेशोत्सवात किंवा वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आलात तर रात्रभर हॉटेलं उघडी असतात आणि बेळगाव जागं असतं. गर्दी सोसत असेल तर तीच वेळ निवडा.

कन्नडचं म्हणाल तर शहरात आणि पश्चिमेकडच्या गावांत मराठीनं पूर्ण भागतं. फलक मात्र कन्नडमध्ये ठळक असतात. 2024 पासून कायद्यानं फलकावर 60 टक्के कन्नड लागतं, त्यामुळे हॉटेलाचं नाव वाचून शोधू नका, गल्ली आणि शेजारचं देऊळ विचारा. पूर्वेकडे, बैलहोंगल-सौंदत्तीला, पाच-सहा शब्द शिकून जा: कितीला "एष्टु", पाणी "नीरु", जेवण "ऊटा", पुरे "साकु", आणि बोलताना शेवटी आदराचा "री" लावा. वडीलधाऱ्या माणसाला "अण्णा", बाईला "अक्का" म्हणा. तोडकंमोडकं बोललात तरी समोरचा हसून मराठीत उत्तर देतो. तुम्ही प्रयत्न केलात एवढं त्याला पुरतं.

बाईमाणसानं कुठे बसावं? उडप्यांच्या हॉटेलांत, खानावळीत, बेकरीत, कॅफेत बिनधास्त. जुन्या हॉटेलांत फॅमिली रूम असते, वाढपी तुम्हाला तिकडे नेऊ बघेल. तो मान म्हणून नेतो, पण तिथे बसलात तर पंखा आणि भिंत एवढंच बघायला मिळेल. "इथेच बसतो, चालेल ना?" असं विचारून बाहेरच्या टेबलावर बसा, कुणी हरकत घेत नाही. पहाटेच्या बाजारात दोघं मिळून जा. तिथल्या गाड्यावर भाजी विकणाऱ्या मावश्या स्वतः चहा पीत बसलेल्या असतात, त्यांच्या शेजारी जागा मागा. उलट त्याच तुम्हाला जास्त सांगतील, पुरुषांचं बोलणं भावापाशी थांबतं. काळोख पडल्यावर हमरस्त्याकडेचे ढाबे, जिथे दारूही मिळते, ते तेवढे टाळा.

घरी न्यायचं तर कुंदा आणि मांडे. कुंदा म्हणजे दूध आणि साखर तपकिरी, रवाळ होईपर्यंत आटवलेली. दुधाचा पदार्थ आहे, तेव्हा परतीच्या दिवशी सकाळी घ्या आणि दुकानात चव घेऊनच घ्या, ते हातावर ठेवतात. मांडे हातावर ताणून पालथ्या मडक्यावर भाजलेले, कागदासारखे पातळ, आत पिठीसाखर. लग्नाच्या रुखवतात ते लागतातच, म्हणून लग्नसराईत एखाद्या घरगुती करणाऱ्या बाईकडे ते करताना बघायला मिळतात, हॉटेलवाल्याला विचारलंत तर तो घर सांगेल. बसच्या टपावर किंवा डिकीत टाकू नका, मांडीवर घेऊन जा. गोकाकला जाणार असाल तर करदंट तिथूनच घ्या, डिंक, गूळ आणि सुक्या मेव्याचा असतो आणि पुण्यापर्यंत आरामात टिकतो.